प्रौढ विद्यार्थ्याची साक्ष घ्या

विद्यार्थ्यांचा आवाज म्हणजे काय, हें छत्रपती संभाजीनगरास कोणी शिकविण्याचें कारण नाहीं. 1938 सालीं, औरंगाबाद या नांवानें हें शहर ओळखलें जात असतां, येथील कॉलेजच्या वसतिगृहांतील मुलांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा निर्धार केला. त्याची ठिणगी उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोंचली. मुलांस काढून टाकण्यांत आलें, पण आवाज बंद झाला नाहीं. आज आम्ही ज्या विद्यार्थ्याविषयीं लिहीत आहों, तो मात्र वसतिगृहांत राहत नाहीं. त्याची सभा भरत नाहीं, आणि त्याचें गाऱ्हाणें कोणत्याही कचेरींत पोंचत नाहीं. वयाचीं पंधरा वर्षें उलटल्यावर प्रथमच पाटी हातीं धरणारे स्त्रीपुरुष, हेच ते विद्यार्थी होत.

2011 च्या जनगणनेप्रमाणें या जिल्ह्यांत साक्षरतेचें प्रमाण शेंकडा सुमारें 79 होतें. स्त्रियांत तें 70 च्या आसपासच. उरलेल्यांसाठीं योजना झाल्या नाहींत असें नाहीं. 1978 सालीं राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम निघाला, 1988 सालीं राष्ट्रीय साक्षरता मिशन आलें, आणि 2022 ते 2027 या काळासाठीं 'उल्लास' योजना आंखली गेली. दर वेळीं अधिकारी बोलले, शिक्षक बोलले, पुढारी तर बोललेच. ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें म्हणणें मात्र क्वचितच कोणीं विचारलें!

कायद्याची स्थिति पहा. 2002 च्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. प्रौढाच्या पदरांत तसा हक्क नाहीं. त्याच्या वांट्यास योजना येते, आणि योजना म्हणजे देणाराची मर्जी. ज्याच्या हातीं हक्क नाहीं, त्यास निदान तोंड तरी असूं द्यावें कीं नाहीं?

कोणी म्हणेल, ज्यास अक्षरओळख नाहीं त्यास शिक्षणाची व्यवस्था काय कळणार? असें म्हणणारांनीं एक दिवस न्यायालयांत येऊन बसावें. तेथें निरक्षर साक्षीदाराची जबानी घेतात, आणि तिच्या आधारें मोठमोठ्या दाव्यांचे निकाल होतात. राज्यघटनेनें त्यास मताधिकारही दिला आहे. राज्य कोणीं चालवावें हें ज्यानें ठरवावयाचें, त्यास वर्ग किती वाजतां भरावा एवढेंही विचारूं नये काय? विचारलें, तर वाळूजच्या कारखान्यांत पाळीनें राबणारा सांगेल कीं, दररोज एकच वेळ मला साधत नाहीं. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस जाणारी बाई सांगेल कीं, वर्ग माझ्याबरोबर फडावर आला पाहिजे. हें ज्ञान कचेरींत बसून मिळणारें नव्हे.

1855 सालीं फुले दांपत्यानें शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली. त्याच सालीं त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या कोवळ्या वयाच्या विद्यार्थिनीचा मांगामहारांच्या दुःखाविषयींचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. तिनें जें सांगितलें, तें तिच्यावतीनें दुसऱ्या कोणास तसें सांगतां आलें नसतें. शिकणारास बोलूं द्यावें, हा धडा महाराष्ट्रास नवा नाहीं. त्याचा विसर मात्र पडला आहे.

एखाद्या नवसाक्षर आजीबाईस व्यासपीठावर बसवून तिच्याकडून दोन पढविलेलीं वाक्यें वदवून घेणें, यास आम्ही आवाज म्हणत नाहीं. आमची मागणी साधी आहे. साक्षरतेच्या कामासाठीं नेमलेल्या समित्यांवर, जिल्ह्याच्या ठिकाणीं व गांवोगांवीं, शिकत असलेल्या व शिकून बाहेर पडलेल्या प्रौढांस घ्यावें, आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या. वर्गाची वेळ, जागा व धडे त्यांच्या सल्ल्यानें ठरवावे. त्यांची तोंडी तक्रार लिहून घ्यावी व ती त्यांस वाचून दाखवावी. आणि जे वर्ग सोडून गेले त्यांस आधीं बोलवावें. योजनेचा खरा दोष त्यांच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

दुसऱ्या पक्षाचें ऐकल्याशिवाय निवाडा देऊं नये, हा न्यायाचा पहिला नियम होय. प्रौढशिक्षणाच्या खटल्यांत निवाडे पुष्कळ झाले. आतां ज्याचा खटला आहे, त्याची साक्ष होऊं द्या!