मैत्री जुनी, धंदा नवा

कॉलेजात एका बाकावर बसणारे दोन मित्र परीक्षा संपली की धंद्याच्या गोष्टी बोलू लागतात. एकाला वडिलांनी निवृत्तीच्या रकमेतून थोडे भांडवल दिलेले असते, दुसऱ्याच्या ओळखी भरपूर. महिन्याभरात दुकानाची पाटी रंगते. घरात कोणी विचारलेच, ‘‘कागदावर काही लिहिलंय का?’’ तर उत्तर ठरलेले असते, ‘‘आमच्यात कसला आलाय कागद!’’

कागद नसला की कायदा बोलतो. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळा करार नसेल तर नफा-तोटा सर्वांचा सारखा. मग एकाने २ लाख घातलेले असोत आणि दुसऱ्याने २५ हजार. एक सकाळपासून दुकान सांभाळतो आणि दुसरा दुपारी डोकावतो, तरी कामाचा पगार मागता येत नाही. एकाने धंद्याच्या नावावर उधारीने माल उचलला, तर सावकार सगळी रक्कम दुसऱ्याकडूनही वसूल करू शकतो. धंद्याची मालमत्ता अपुरी पडली, तर आईवडिलांनी मुलाच्या नावावर केलेला फ्लॅटही त्यात जाऊ शकतो. २००८ च्या कायद्याने आलेल्या मर्यादित दायित्व भागीदारीत ही जोखीम बरीच कमी होते, पण बँका कर्जासाठी बहुधा वैयक्तिक हमी मागतातच.

तेव्हा सहलीला मजेदार वाटणारा मित्र सहलीचा हिशेब कसा देतो, हे आधी पाहावे. उसने पैसे न मागता परत करतो का? नुकसान झाले तर लगेच सांगतो की दडवतो? त्याच्या घरची परिस्थितीही विचारावी. यात संकोच वाटतो, पण भांडणाचे मूळ पुष्कळदा इथेच असते. एकाला दरमहा घरभाडे द्यायचे असते, बहिणीचे लग्न तोंडावर असते. दुसरा वडिलांच्या घरात राहतो. पहिल्या वर्षी नफा धंद्यातच ठेवावा, असे दुसऱ्याला सहज वाटते. पहिल्याला ते परवडत नाही. दोघांपैकी कोणीच लबाड नसतो, तरी अबोला सुरू होतो.

दोघेही विक्रीत पटाईत असतील, तर वही कोण लिहिणार? १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी सुरू करणारे लार्सन आणि टुब्रो हे दोन डॅनिश इंजिनिअर एकाच कंपनीत नोकरी केलेले होते. एक रसायनांतला, दुसरा बांधकामातला. त्यांचे पहिले ऑफिस इतके लहान होते, की एका वेळी एकच भागीदार तिथे बसू शकत असे. कामाच्या जागी पारखलेला माणूस अशी अडचण हसत सोसतो.

माणूस पटला की करारपत्र करावे. कोणाचे भांडवल किती, दरमहा उचल किती, चेकवर दोघांच्या सह्या लागतील का, हे सारे त्यात यावे. फर्मची नोंदणीही करावी. नोंदणी नसलेल्या फर्मला थकलेल्या गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. आणि वेगळे व्हायची पाळी आली तर कसे व्हायचे, तेही आधीच लिहावे. नोंदणीकृत फर्ममधून बाहेर पडणाऱ्याने निबंधकाला कळवून राजपत्रात व स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची असते. ती दिली नाही, तर त्याच्या मागे झालेल्या उधारीसाठीही वसुलीवाले त्याच्या दारात येऊ शकतात.