आधी पाणी, मग मासे

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला म्हणजे मुलास काही भेट द्यावी, अशी इच्छा पालकांस होणे स्वाभाविक आहे. अलीकडे या भेटींत माशांच्या काचपेटीची भर पडली आहे. नवी पेटी महाग पडते, म्हणून पुष्कळ घरी कोणाची तरी वापरलेली पेटी आणली जाते. आणि जुनी पेटी नव्या पेटीहून मुळीच उणी नव्हे, उलट विद्यार्थ्यास तीच अधिक योग्य, हे आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. आमचा आक्षेप पेटीवर नाही. पेटी ज्या दिवशी घरी येते त्याच दिवशी संध्याकाळी तीत मासे सोडले जातात, त्यावर आहे. आठवडा जातो न जातो तोच एक मासा पोट वर करून तरंगू लागतो. मग दुसरा, मग तिसरा. मूल दोन दिवस रडते, पेटी माळ्यावर चढते, आणि वर्षा-दोन वर्षांनी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून दुसऱ्या एखाद्या घरी जाऊन तेथेही हाच क्रम पुन्हा सुरू करते.

ही तऱ्हा केवळ नागपूरची नव्हे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन सोनमासे, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि सडकी पाने खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्या असता पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते, हे त्याने दाखविले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या धर्मनिष्ठ निसर्गशास्त्रज्ञाचा मत्स्यालयावरील ग्रंथ निघाला. मग काय, घरोघरी काचपेट्या झाल्या! परंतु पुढे १८६८ साली रेव्हरंड जे. जी. वुड यांनी लिहून ठेविले की, हे वेड ओसरले असून दहांपैकी नऊ पेट्या टाकून दिल्या गेल्या आहेत. वॉरिंग्टनच्या भांड्याची शोभा लोकांनी उचलली. त्यातील गोगलगाईचे काम मात्र कोणी ध्यानात घेतले नाही.

(गोगलगाईचा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याच सुमारास आपल्या नागपुरात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे टाकळीच्या खडकांतून गोड्या पाण्यातील शंखांचे जीवाश्म गोळा करीत होते. त्यांतील एका जातीस तेव्हा फायसा हे कुळनाव मिळाले होते. त्याच नावाच्या इवल्याशा गोगलगाई आज पाणवनस्पतींबरोबर न बोलाविता पेटीत येतात व मुले त्यांस घाण समजून चिमटीने फेकून देतात. खडकातील त्या शंखांचे वय सहा कोटी वर्षांहून अधिक आहे.)

आता मासे मरतात का, ते पाहू. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकीत असतो. उरलेले अन्न सडूनही तोच वायू निर्माण होतो. तळ्यात हा अमोनिया खाऊन टाकणारे सूक्ष्म जंतू असतात. एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांस विष आहेत; तिसरा पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचे खाद्य आहे. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. नव्या पाण्यात ते जवळजवळ नसतात, आणि वाळू, दगड व फिल्टरच्या स्पंजावर त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सोडलेला मासा आपल्याच मलात कोंडलेला असतो. पाणी डोळ्यांस स्फटिकासारखे स्वच्छ दिसते, म्हणूनच घरच्या मंडळींस मरणाचे कारण सापडत नाही; आणि दुकानदार दुसरे मासे आनंदाने देतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मुलाने पहिला महिना मासे पाळू नयेत, पाणी पाळावे. पेटीत वाळू व वनस्पती घालाव्या, फिल्टर चालू ठेवावा, आणि जणू मासे आहेतच अशा रीतीने रोज चिमूटभर खाद्य टाकावे. ते सडून अमोनिया होईल व त्यावर जंतू पोसतील. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब दुकानात मिळतात. दोन्हींचे मान आधी चढून मग शून्यावर आले म्हणजे पाणी तयार झाले. प्रार्थनेच्या तासास बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा क्रम ठाऊक आहे: जल आधीपासून आहे, वनस्पती तिसऱ्या दिवशी, आणि जलचर पाचव्या दिवशी. त्या अध्यायावरून मत्स्यपालनाचे शास्त्र सिद्ध करण्याचा आमचा मानस नाही. तथापि ज्यास सर्व काही एका शब्दासरशी करता आले असते त्यानेही क्रम सोडला नाही, तेथे आपण एका संध्याकाळी सर्व उरकू पाहावे, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

पालक विचारतील, नुसत्या पाण्याच्या पेटीपुढे मूल महिनाभर बसेल काय? बसते, जर ती पेटी त्याने स्वतःच्या हातांनी सुधारली असेल. जुन्या पेटीचा खरा लाभ येथे आहे. तळाच्या काचेस तडा असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. ओरखडे मात्र मागच्या बाजूस फिरवून चालतात. विहिरीच्या किंवा बोअरवेलच्या पाण्याने साचलेला पांढरा थर व्हिनेगरने भिजवून खरवडावा. साबण कदापि लावू नये, कारण त्याचा अंश काचेवर राहतो व माशांस बाधतो. सांध्यातून पाणी झिरपत असेल तर तेवढ्याच जागी नवे सिलिकॉन थापणे व्यर्थ होय. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट धरत नाही. आतल्या सर्व सांध्यांवरील सिलिकॉन ब्लेडने काढावे (हे काम वडिलांनी करावे), काच स्पिरिटने पुसावी, आणि चारही कोपरे व तळ एकाच बैठकीत नव्याने भरावे. दोन काचांच्या मधोमध जो थर असतो त्यास हात लावू नये. पेटी त्यावरच उभी असते. न्हाणीघराच्या फरशीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक औषध असते, ते माशांस घातक आहे. मत्स्यपेटीसाठीचेच मागून घ्यावे व आठवडाभर सुकू द्यावे. मग पेटी अंगणात सपाट जागी वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ भरावी आणि तीन दिवस कागद कोरडा राहतो की नाही, ते पाहावे.

येथे गणिताचाही उपयोग होतो. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते, म्हणजे ५४ किलो वजन. काच व वाळू धरून ते सत्तरच्या पुढे जाते. वर्तमानपत्रे ठेवण्याच्या तिपाईवर हे ओझे ठेविणारे लोक आमच्या पाहण्यात आहेत. मजबूत, समपातळीचे टेबल आणि पेटीखाली थर्मोकोलचा तुकडा एवढे तरी हवेच. आणखी एक. ज्या घरून पेटी घ्याल तेथे ती अद्याप चालू असून मासे निरोगी असतील, तर फिल्टरचा मळकट स्पंज मागून घ्या व त्याच पेटीच्या पाण्यात भिजवून आणा. तो नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यावरील जंतू मरतात. तो स्पंज पेटीहून मोलाचा आहे.

आमच्या शहराच्या हवेचा विचारही केला पाहिजे. निकालाचे दिवस म्हणजे नागपूरचा ऐन उन्हाळा. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो. ३५ अंशांवर सुमारे ७ च. उलटपक्षी उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढते, आणि अमोनियाही अधिक विषारी होतो. सोनमासा तर थंड पाण्याचा जीव. त्यास मे महिन्यात गोल बरणीत ठेवून, वीज गेली असता एअर पंपही बंद पडू देणे, यास भेट म्हणावे की काय, ते पालकांनीच ठरवावे.

मासे जगले व कंटाळा आला, तर काही दयाळू मंडळी ते अंबाझरीत किंवा फुटाळ्यात सोडून येतात. ही दया नव्हे. काच स्वच्छ ठेवितो म्हणून विकला जाणारा सकर मासा मूळ दक्षिण अमेरिकेतील. तो वाढून हातभर होतो, आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात त्याने कोळ्यांस त्रस्त केले आहे. भोपाळच्या तलावात २०२३ साली उत्तर अमेरिकेतील मगरतोंड्या गार मासा सापडला. तो तेथवर पोहत खचित आला नाही. मासे नकोसे झाले तर दुकानात किंवा दुसऱ्या पेटीवाल्याकडे द्यावेत.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भंडारा-गोंदिया भागातील जुन्या मालगुजारी तलावांत मासळी घटली, तेव्हा तेथील ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, मासे आणून ओतण्यापासून आरंभ केला नाही. त्यांनी तलावातील बेशरमाची झुडपे उपटली, उन्हाळ्यात गाळाची जमीन नांगरली, आणि पाऊस पडल्यावर हायड्रिला, व्हॅलिसनेरिया अशा देशी पाणवनस्पती लाविल्या. देशी मासे मागाहून वाढले. वॉरिंग्टनचे नाव त्यांतील कोणी ऐकले असेल असे वाटत नाही.

तेव्हा या वर्षी ज्यांच्या घरी पेटी यावयाची आहे त्यांनी ती मे महिन्यात आणून रिकामीच ठेवावी. घासणे, सिलिकॉन भरणे, उन्हात वाळविणे, सर्व सुट्टीत होईल. जूनच्या अखेरीस शाळा उघडतात व हवा निवते. तेव्हा नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादल्यांत ठेवून मग पेटी भरावी आणि पाण्याच्या नोंदीची वही सुरू करावी. तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडून परत आली म्हणजे पहिले तीन-चार गप्पी सोडण्यास हरकत नाही. बाकीचे पंधरा-वीस दिवसांनी. गप्पी मात्र नरच निवडून घ्यावेत, नाहीतर दिवाळीपर्यंत ते मोजता येणार नाहीत.