नळाचे बिल आणि तुळशीजवळची ओल

दिवाळी आली की घरात तीन हिशेब निघतात: फराळाचा, कपड्यांचा आणि थकलेल्या बिलांचा. पहिल्या दोहोंवर चर्चा होते, नळाच्या बिलावर नुसते भांडण होते. म्हणून या खेपेस आमच्या बोरगाव मेघेत मला नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंकाच घेतो.

आमचे गाव वर्ध्याला खेटून आहे. पिपरी, सिंदी, सावंगी अशी आणखी 'मेघे' गावेही शेजारीच आहेत. नाव मेघांचे असले तरी तहान भागवते धाम नदी. पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी वाहते तीच. नदी पैसे मागत नाही, हे खरे. पैसे लागतात ते पाणी उपसायला, शुद्ध करायला आणि आपल्या दारापर्यंत आणायला.

"बिलावरचे युनिट म्हणजे काय हो भाऊ?" ही पहिली शंका. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावातल्या माणसामागे रोज ५५ लिटरचे माप धरले आहे. त्या मापाने पाच माणसांच्या घराला महिन्याकाठी सव्वाआठ युनिटे होतात. आपला आकडा याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर पाणी कुठे जाते ते पाहावे.

"महिनाभर गावाला होतो, तरी बिल कसे?" ही दुसरी. बहुतेक ठिकाणी पाणी वापरा वा न वापरा, किमान आकार असतोच. शिवाय मीटर बंद असेल तर सरासरीने बिल लागते. तेव्हा मागचे वाचन आणि चालू वाचन हे दोन आकडे बिलावर आधी पाहावेत, रक्कम मागाहून.

तिसरी शंका मात्र आमच्या आळीत एका बिऱ्हाडाच्या जिवावर बेतली होती. नळ एक, बिऱ्हाडे दोन. बिल तिप्पट आले आणि घरमालकीण काकूंनी भाडेकरूंना खोली सोडायला सांगितले. "पाणी तेच लोक उडवतात जी!" भाडेकरीण बिचारी मुलांना अर्ध्या बादलीत आंघोळ घालीत होती.

मी म्हटले, "काकू, खोली मागाहून रिकामी करा, आधी मीटर पाहू." आमच्याकडे नळ ठरावीक वेळीच येतो, म्हणून नळ आल्यावरच ही परीक्षा घ्यावी लागते. दोन्ही घरांचे नळ आणि टाकीकडचा कॉक बंद केला. तरीही मीटरमधली बारीक चक्री गरगर फिरत होती! म्हणजे पाणी मीटर आणि घर यांच्या मधेच मुरत होते. भर वैशाखात तुळशीवृंदावनाजवळची माती ओली होती. खणले, तर खाली नळी तडकलेली.

काकू काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाडेकरणीच्या मुलांना वाटीभर आंब्याचा रस मात्र गेला.

गळती थोडी म्हणून सोडू नये. तासाला तांब्याभर, म्हणजे लिटरभर, पाणी ठिबकले तरी महिन्याला ७२० लिटर जाते. तेवढ्यात एका माणसाचे तेरा दिवस निघतात. आणि ओळीतल्या शेवटच्या घराला नळ आधीच बारीक येतो, हेही विसरू नये.

तेव्हा या पाडव्याला एवढे करा: मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पुढे दर महिन्याला त्याच तारखेला लिहीत जा. तक्रार करायची वेळ आली, तर आवाजापेक्षा ते आकडे अधिक कामी येतात.