मोफत सिनेमा, मोलाची चर्चा

‘मोफत’ हा मराठी शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील ‘मुफ्त’ तो हाच. विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कधी कधी मोफत चित्रपट दाखवतात आणि नंतर त्यावर चर्चा होते. चित्रपट संपताच पुष्कळजण उठून जातात. माझ्या मते ते कार्यक्रमाचा अधिक मोलाचा भाग गमावतात.

माझे शालेय शिक्षण साताऱ्यात उर्दू माध्यमातून झाले. पुढे सांगलीला बी. एड. करीत असताना मी ग्रंथालयात ‘सामना’ हा चित्रपट पाहिला. तो डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केला असून विजय तेंडुलकरांनी लिहिला आहे. १९७५ साली तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याच्या जोरावर सत्ता गाजवणारे हिंदुराव आणि गावात आलेला एक दारुडा मास्तर यांची ही कथा आहे. मारुती कांबळे नावाचा माणूस नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, हे मास्तर विचारीत राहतो. मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म साताऱ्याचा.

चर्चा सुरू झाली. माझ्या मनात एक प्रश्न होता. पण तोंड उघडेना. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग हमखास चुकणार आणि लोक हसणार, ही भीती! शेवटी धीर करून विचारले, “गावातल्या लोकांना काहीच माहीत नव्हते का? मग ते गप्प का राहिले?” माझ्या बोलण्यात एक चूक झालीच. कोणीतरी हसलेही. पण एक ऊस पिकवणारे गृहस्थ उठून म्हणाले, “बाई, ऊस कारखान्याला घालायचा असतो. म्हणून माणसे गप्प बसतात.” सारे सभागृह शांत झाले. चित्रपटातून मला जे कळले नव्हते, ते त्या एका वाक्याने कळले.

चित्रपट पाहून चर्चा करण्याची ही रीत नवी नाही. सत्यजित राय व त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली. १९५९ मध्ये देशातील अशा सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. जुने चित्रपट जपण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले.

“सिनेमाने मुले बिघडतात,” असे घरची वडील मंडळी म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु कोपऱ्यात बसून मोबाइलवर एकट्याने पाहणे वेगळे आणि दिवसाउजेडी, शिक्षकांसमवेत पाहून त्यावर बोलणे वेगळे. ज्या मुलींना चित्रपटगृहात जाता येत नाही, त्यांना ग्रंथालयात तरी जाता यावे.

मुशायऱ्यात श्रोत्यांनी दाद दिली नाही, तर मैफल रंगेल का? चर्चेचेही तसेच आहे. तिकिटाचे पैसे कोणी मागत नाही. पण तुमचे मत तेवढे द्या. मराठी चुकली तर चुकू द्या. बोलता बोलताच ती सुधारते. न विचारलेला प्रश्न मात्र मनातच राहून जातो.