मोजणाऱ्याचे पैसे कोणी द्यायचे?

प्रदूषण नियंत्रण मंडळ नदी वाचवू शकलं नाही की उत्तर ठरलेलं असतं: माणसं कमी, पैसा अपुरा. तक्रार खरी आहे. एकेका क्षेत्र अधिकाऱ्याच्या वाट्याला इतके कारखाने येतात की संमतीपत्रांचे कागद हातावेगळे करण्यातच त्याचा दिवस जातो.

पण ‘आधी पदं भरा, बाकीचं मग पाहू’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. गुजरातच्या मंडळाने एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांबरोबर 960 कारखान्यांमध्ये हे तपासून पाहिलं. त्यांतल्या काहींच्या तपासण्या दुपटीने वाढवल्या, तरी प्रदूषण फारसं हटलं नाही. वाढीव फेऱ्या सरसकट वाटल्या गेल्या होत्या. मुरलेल्या अधिकाऱ्याला मात्र आधी कुणाचं धुराडं पाहायचं हे ठाऊक असतं. शिवाय कारखाना बंद करण्याचं, वीज तोडण्याचं हत्यार मंडळ टोकाच्या प्रदूषकांवरच उगारतं.

दुसरा पक्ष म्हणतो, तपासणीच कमी करा, कारखानदारावर विश्वास ठेवा, खासगी लेखापरीक्षक आहेतच. हा युक्तिवाद अधिक घातक आहे. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 पासून असे लेखापरीक्षक आहेत. सुरुवातीला त्यांना निवडणारा कारखानदार होता, पैसे देणाराही तोच. परिणाम काय झाला? धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने त्यांच्या अहवालांत अवघे 7 टक्के होते, प्रत्यक्षात 59 टक्के. ज्याचं मीठ खायचं त्याच्याविरुद्ध अहवाल लिहायला कोण धजावेल?

मग अहमदाबाद आणि सुरत भागातल्या 473 कारखान्यांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काही कारखान्यांचे लेखापरीक्षक चिठ्ठी काढावी तसे मंडळाकडून नेमले गेले. मानधन ठरावीक आणि सामायिक निधीतून, वर काही नमुन्यांची अचानक फेरतपासणी. माणसं तीच, पण अहवाल खरे येऊ लागले. कारखान्यांनी प्रदूषणही घटवलं, हे अधिक मोलाचं. 2015 मध्ये गुजरातने लेखापरीक्षणाचे नियम या धर्तीवर बदलले.

म्हणजे तुटपुंज्या पैशात मंडळाची घडी बदलता येते. विश्वासार्ह मोजमाप बाहेरून करून घ्यावं आणि त्यातून वाचलेला अधिकाऱ्यांचा वेळ बड्या प्रदूषकांवर खर्चावा. सुरतमध्ये 2019 पासून धुराड्यांवरच्या अखंड मोजणी यंत्रांच्या आधारे धुळीच्या परवान्यांचा बाजार चालवला गेला. त्यातल्या कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्क्यांनी घटली.

महाराष्ट्राच्या मंडळाने 2017 मध्ये कारखान्यांना तारे देऊन धुराड्यांची माहिती लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली, ते पाऊल योग्यच होतं. आता केंद्राने 2025 मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम आणले आहेत. ते राबवताना मंडळाने लेखापरीक्षकाची निवड आणि त्याचं मानधन कारखानदाराच्या हातून काढून घ्यावं, फेरतपासणीसाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि प्रत्येक अहवाल त्या गावच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावावा.