गोठलेले खोबरेल भेसळीचे नव्हे



गेल्या अंकातील एका पत्रात, थंडीत गोठणाऱ्या खोबरेलात मेण मिसळलेले असते, असे ठामपणे म्हटले आहे. ते चूक आहे. त्यापायी कुणी घाण्याचे चांगले तेल फेकून देऊ नये, म्हणून हे पत्र.

शुद्ध खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. त्यातली सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. त्यांच्या साखळ्या सरळ, त्यामुळे काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसतात. दोन रेणूंमधले व्हॅन डर वाल्स आकर्षण तसे क्षीण, पण अख्ख्या साखळीभर ते साठत जाते. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्या अशा रचल्याच जात नाहीत. म्हणून नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे एकाच फडताळातले खोबरेल पांढरे घट्ट होते आणि शेजारचे शेंगदाणा तेल सहज ओतता येते.

गोठलेल्या खोबरेलाचा खडा तळहातावर घेऊन पाहा. अंगाच्या उबेनेच तो विरघळतो, कारण ते आकर्षण मोडायला तेवढी उष्णता पुरते. पॅराफिन मेणाचा तुकडा मात्र तसाच राहतो.

– रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, नाशिक