नायट्यावर तरोट्याचा पाला: बशीत बुरशी थांबली, म्हणजे औषध सापडलं का?

पावसाळा सुरू झाला की चंद्रपूर-गडचिरोलीत रस्त्याच्या कडेने तरोटा माजतो. कोवळ्या पानांची भाजी होते आणि पाला वाटून नायट्यावर म्हणजेच गजकर्णावर लावतात. बाकी महाराष्ट्रात हाच टाकळा. संस्कृतात चक्रमर्द, चक्रासारखा गोल नायटा चिरडणारा.

प्रयोगशाळेत हे तपासतात कसं? पाला सावलीत वाळवून भुकटी करतात आणि पाणी, अल्कोहोल अशा वेगवेगळ्या द्रावकांत तिचा अर्क काढतात. काचेच्या बशीत अगारच्या थरावर बुरशी पसरवायची, थराला छोटं भोक पाडून त्यात अर्क सोडायचा. अर्कात दम असेल तर भोकाभोवती बुरशी वाढत नाही. ही मोकळी गोल जागा मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी नुसता द्रावकही तपासावा लागतो, कारण अल्कोहोल स्वतःच बुरशी मारतं! हे केलेलं नसेल तर निकालाला फारसा अर्थ नाही.

दुसरा प्रश्न, बुरशी कोणती? कॅन्डिडा एक-दोन दिवसांत वाढते, म्हणून तपासायला सोपी. पण नायटा होतो तो ट्रायकोफायटॉनसारख्या बुरशींमुळे, आणि त्या वाढायला आठवडा किंवा जास्तही घेतात. भारतात सध्या डोकेदुखी आहे ती ट्रायकोफायटॉन इंडोटिनीची. 2020 मध्ये हे नाव मिळालेल्या या बुरशीचे अनेक नमुने टर्बिनाफाइन या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. त्यात लोक मनानेच स्टिरॉइडचं मलम लावतात. खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम 2018 मध्ये झाला. अर्क तपासायचा तर या हट्टी बुरशीवर तपासायला हवा.

आणि तरोट्यात खरंच काहीतरी आहे. 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचा मुख्य बुरशीरोधक घटक वेगळा केला गेला: क्रायसोफॅनिक आम्लाचा अँथ्रोन. हाच पदार्थ 19व्या शतकात नायट्यावर गाजलेल्या ‘गोवा पावडर’मध्येही होता. ती भुकटी मूळची ब्राझीलमधल्या एका झाडाची, नाव मात्र गोव्याचं. तिने नायटा जायचा, पण कातडीची आग व्हायची, कपड्यांवर डाग पडायचे आणि डोळ्यांत गेली तर डोळे सुजायचे.

बशीतल्या बुरशीला कातडी नसते. त्यामुळे किती कमी अर्कात बुरशी थांबते, तेवढा अर्क कातडीला सोसतो का आणि रुग्णांवर नेहमीच्या औषधाच्या तुलनेत तो कसा ठरतो, हे टप्पे उरतातच. तोवर नायटा पसरत असेल तर पाल्यावर किंवा दुकानातून आणलेल्या मलमावर दिवस काढण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरला दाखवलेलं बरं. तरोट्याची भाजी खायला अर्थात हरकत नाही.